‘स्ट्रेन एकच निघाला’, पण कोणत्या तपासणीत?

माननीय संपादक,

क्षयरोगाचे रुग्ण एकाच वस्तीत वाढले किंवा एखाद्या रुग्णालयात संसर्ग पसरला की बातमीत एक वाक्य हमखास येते: ‘जनुकीय तपासणीत सर्व रुग्णांमध्ये एकच स्ट्रेन आढळला.’ स्ट्रेन म्हणजे जंतूची विशिष्ट वंशशाखा. तपासणी कोणत्या पद्धतीने केली, हे बातमीत नसते. पुष्कळदा ज्या अहवालावरून बातमी लिहिली जाते त्यातही नसते. पद्धत माहीत नसेल तर या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. एका पद्धतीत हुबेहूब जुळणारे दोन जंतू दुसऱ्या पद्धतीत शेकडो ठिकाणी वेगळे निघतात. क्षयाच्या बाबतीत आपल्याकडे हे वारंवार घडते, कारण जगभर प्रमाण मानल्या गेलेल्या जुन्या पद्धती भारतातल्या जंतूंपुढे काही ठराविक जागी तोकड्या पडतात. त्या जागा कोणत्या, हे वाचकांपुढे आणि जिल्हा पातळीवर निर्णय घेणाऱ्यांपुढे यावे, म्हणून हे पत्र.

सुरुवातीला एक गोंधळ दूर करायला हवा. सीबीनॅट, ट्रूनॅट आणि एलपीए या क्षयाचे निदान व औषधरोध पाहणाऱ्या चाचण्या डीएनएवरच चालतात, पण त्या स्ट्रेन ओळखत नाहीत. सीबीनॅट आरपीओबी या जनुकातल्या ८१ अक्षरांच्या (ए, टी, जी, सी या डीएनएच्या घटकांच्या) तुकड्यात बदल आहे का तेवढे पाहते आणि त्यावरून रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध लागू पडेल की नाही ते सांगते. एलपीएच्या पट्टीवर रेघा उमटतात. त्या आरपीओबी, केएटीजी, आयएनएचए अशा मोजक्या जनुकांतल्या ठरावीक बदलांच्या असतात. हे बदल औषधाच्या दाबाखाली वेगवेगळ्या जंतूंमध्ये स्वतंत्रपणे घडतात. केएटीजी जनुकातला ३१५ क्रमांकाचा बदल आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमध्ये साऱ्या जगात सापडतो. त्यामुळे दोन रुग्णांच्या एलपीए पट्ट्या सारख्या दिसल्या म्हणून एकाचा आजार दुसऱ्याला झाला, असे म्हणता येत नाही. तरीही असे निष्कर्ष काढले जातात.

आता जंतूच्या डीएनएचा ठसा घेऊन स्ट्रेन ओळखणाऱ्या खऱ्या ठसे-पद्धतींकडे येऊ. गुन्हेतपासात माणसाचा डीएनए जुळवतात तेव्हा दोन परक्या माणसांचे नमुने जुळणारच नाहीत, हे गृहीत धरलेले असते. जंतूंचे तसे नाही. जंतू दुभंगून वाढतो आणि प्रत्येक पिल्लू ही मूळ जंतूची नक्कल असते, म्हणजे जुळणे हाच नियम आहे. म्हणून खरा प्रश्न असा असतो की डीएनएचा जो भाग आपण मोजतो तो किती वेगाने बदलतो. फार सावकाश बदलणारा भाग निवडला तर शंभर वर्षांपूर्वी फुटलेल्या शाखाही एकच दिसतात. फार वेगाने बदलणारा निवडला तर बापाकडून मुलाला झालेला संसर्गही परका ठरतो. क्षयाचा जंतू यात विशेष अवघड आहे. त्याच्या जिनोममध्ये (संपूर्ण डीएनएत) सुमारे ४४ लाख अक्षरे आहेत आणि वर्षाला सरासरी अर्धेच अक्षर बदलते. शिवाय तो इतर जंतूंकडून डीएनए जवळपास घेतच नाही.

१९९३ साली क्षयासाठी पहिली जागतिक प्रमाण पद्धत ठरली, ती आयएस६११० आरएफएलपी. आयएस६११० हा १३५५ अक्षरांचा उड्या मारणारा तुकडा आहे आणि एका जंतूत त्याच्या शून्यापासून पंचवीसपर्यंत प्रती असतात. पीव्हीयू-२ हे विकर या तुकड्याला आत एकाच ठिकाणी कापते. त्या जागेच्या उजवीकडे बसणारा प्रोब (खूण लावलेला डीएनएचा तुकडा) वापरला की जेलवर, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, प्रत्येक प्रतीचा एकच पट्टा दिसतो. ऐकायला सोपे वाटते, पण काम मोठे आहे. एलजे या जंतू वाढवण्याच्या माध्यमावर भरघोस वाढ हवी, म्हणजे तीन ते आठ आठवडे गेले. मग ८० अंशांवर किमान २० मिनिटे ठेवून जंतू मारायचे, लायसोझाइमने भिंत सैल करायची, एसडीएस आणि प्रोटिनेज-के घालून ६५ अंशांवर प्रथिने फोडायची, सीटॅब आणि मिठाने शर्करा बाजूला काढायच्या, क्लोरोफॉर्म व आयसोअमाइल अल्कोहोलने (२४ला १) धुवायचे आणि आयसोप्रोपेनॉलने डीएनए खाली बसवायचा. दर स्ट्रेनला काही मायक्रोग्रॅम शुद्ध डीएनए लागतो. सीटॅबची पायरी घाईत उरकली तर मेणचट शर्करा डीएनएबरोबर उतरतात, विकराचे काम अर्धवट राहते आणि नसलेले पट्टे दिसू लागतात. वरचे दोनतीन पट्टे फिके आणि बाकीचे ठळक असतील तर नवा स्ट्रेन सापडला असे न समजता आधी अपुऱ्या कापणीची शंका घ्यावी. जेलच्या दोन्ही कडांना आणि मध्ये एमटी१४३२३ या प्रमाण स्ट्रेनचा डीएनए नसेल, तर दोन जेल एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

या पद्धतीने पश्चिमेकडे मोठे काम झाले. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ४७३ रुग्णांच्या अभ्यासातले १९१ जण नुकत्याच झालेल्या संसर्गाचे दिसले. नेहमीच्या संपर्कशोधाने त्यांपैकी केवळ दहा टक्क्यांचा परस्परसंबंध सापडला होता. क्षय म्हणजे बहुतेक जुना, आत दडलेला संसर्ग उफाळून येणे, हा समज तिथे हलला. या पट्ट्यांचा वेगही सोयीचा निघाला. एकाच रुग्णाचे काही काळाच्या अंतराने घेतलेले नमुने ताडून पाहिले, तेव्हा निम्म्या स्ट्रेनचा नमुना बदलायला सुमारे तीन ते चार वर्षे लागतात असे दिसले.

भारतात मात्र ही पद्धत अडखळली. पाच किंवा त्याहून कमी प्रती असतील तर पट्टे इतके थोडे असतात की वेगळेपणा दिसायला जागाच उरत नाही. दक्षिण भारतातल्या जंतूंचा मोठा वाटा एकच प्रत असलेला किंवा एकही प्रत नसलेला आहे, हे चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्राने नव्वदच्या दशकातच दाखवून दिले. ती एकटी प्रत बहुतेकदा डीआर नावाच्या एकाच भागात बसलेली असते, त्यामुळे पट्टाही एकाच उंचीवर येतो. अशा शंभर परक्या रुग्णांचे जेल पाहिले तर शंभर जण एकाच साखळीतले वाटतील. प्रती किती आहेत हे न सांगता ‘आरएफएलपी जुळला’ असे लिहिणे भारतीय नमुन्यांच्या बाबतीत दिशाभूल करणारे आहे. सहाहून कमी पट्टे दिसले की दुसरी पद्धत लावलीच पाहिजे, हा जुना नियम आहे आणि तो पाळण्यासाठीच आहे.

दुसरी पद्धत म्हणून १९९७ पासून सर्वत्र पसरली ती स्पॉलिगोटायपिंग. डीआर भागात ३६ अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि दोन तुकड्यांच्या मध्ये दर वेळी वेगळा, साधारण ३४ ते ४१ अक्षरांचा अंतरखंड असतो. त्यांतले ४३ ठरलेले अंतरखंड आहेत की नाहीत, एवढेच पाहायचे. डीआरए आणि डीआरबी या प्रायमरांपैकी (पीसीआर सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांपैकी) एकाला बायोटिन जोडलेले असते. पीसीआरनंतर उत्पादन ९९ अंशांवर दहा मिनिटे ठेवून लगेच बर्फात घालायचे, मग ४३ खंड ओळीने चिकटवलेल्या पडद्यावर ६० अंशांवर तासभर ठेवायचे, ६० अंशांवरच धुवायचे, स्ट्रेप्टाव्हिडिन-पेरॉक्सिडेज लावायचे आणि एक्स-रे फिल्मवर ठिपके घ्यायचे. नॅनोग्रॅमभर डीएनए पुरतो. उकळलेल्या कल्चरवरही (नमुन्यातून वाढवलेल्या जंतूंवरही) काम भागते, आणि एका पडद्यावर चाळीसेक नमुने होतात. ४३ ठिपक्यांचा पंधरा आकडी संकेत बनतो आणि तो ग्वाडलूपच्या पाश्चर संस्थेने सांभाळलेल्या जागतिक संग्रहाशी ताडून पाहता येतो.

स्वस्त, जलद आणि आकड्यांत मांडता येणारी म्हणून आपल्याकडे हिचाच वापर सर्वाधिक झाला. तिच्या चुका बहुधा पडद्यावर होतात. पडद्यावर नमुने सोडणाऱ्या मिनिब्लॉटर या साच्याच्या खाचेत हवेचा बुडबुडा राहिला तर त्या रुग्णाच्या ओळीतले सलग काही ठिपके गायब होतात, आणि सलग ठिपके गायब असणे हीच तर स्ट्रेनची खूण असते. धुण्याचे पाणी ५५ अंशांवर उतरले की खोटे फिके ठिपके येतात, आणि ६० च्या बरेच वर गेले की खरे ठिपके पुसले जातात. पडदा ८० अंशांवर एक टक्का एसडीएसने धुऊन पुन्हा वापरतात. दहाबारा वापरांनंतर काही खंड इतरांच्या आधी दुबळे होतात. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक पडद्यावर एच३७आरव्ही हा प्रयोगशाळेतला प्रमाण स्ट्रेन आणि बीसीजी हा लशीतला स्ट्रेन दोन्ही लावावेत. एच३७आरव्हीत २०, २१ आणि ३३ ते ३६ हे खंड नाहीत, बीसीजीत ३, ९, १६ आणि ३९ ते ४३ नाहीत. एकाची उणीव दुसरा भरतो, म्हणून दोघांत मिळून ४३ही ठिपके तपासले जातात. तिसरी ओळ निव्वळ पाण्याची. पाण्याच्या ओळीत एकही ठिपका दिसला तर सबंध पडदा रद्द.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. स्पॉलिगोटायपिंगने घराणे कळते, साखळी कळत नाही. उत्तर भारतात मध्य आशियाई घराणे (४ ते ७ आणि २३ ते ३४ हे खंड नसलेले) जास्त, दक्षिणेत पूर्व आफ्रिकी-भारतीय घराणे (२९ ते ३२ आणि ३४ नसलेले) जास्त, आणि मुंबईसारख्या शहरात दोन्ही नांदतात. त्यात बीजिंग घराण्याची भर पडली आहे. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या बहुऔषधरोधक नमुन्यांत बीजिंगचे प्रमाण मोठे असल्याचे २००५ सालीच प्रसिद्ध झाले होते. बीजिंगचे १ ते ३४ सगळेच खंड गेलेले असतात, उरतात फक्त शेवटचे नऊ. त्यामुळे जगातले जवळपास सगळे बीजिंग जंतू स्पॉलिगोटायपिंगवर एकसारखेच दिसतात. पाटील आडनावाचे दोघे एका गावात भेटले म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत. बीजिंगच्या किंवा मध्य आशियाई घराण्यातल्या दिल्ली उपप्रकाराच्या दोन रुग्णांचा स्पॉलिगोटाइप जुळणे याला त्याहून अधिक अर्थ नाही. मुंबईत हे दोन्ही प्रकार इतके सर्रास आहेत की केवळ स्पॉलिगोटाइप जुळल्यावरून ‘उद्रेक’ जाहीर करणे चूकच आहे.

आणखी एक सापळा आहे तो मिश्र संसर्गाचा. भारतातल्या अभ्यासांत ‘मनू’ नावाचे घराणे वारंवार नोंदले गेले, त्यातला मनू-२ म्हणजे फक्त ३३ आणि ३४ हे खंड नसलेला. आता नुसती बेरीज करून पाहा. बीजिंगमध्ये ३५ ते ४३ आहेत. टी नावाच्या आणखी एका घराण्यात १ ते ३२ आणि ३७ ते ४३ आहेत. दोन्ही जंतू एकाच नळीत असतील तर पडद्यावर १ ते ३२ आणि ३५ ते ४३ दिसतील, म्हणजे अगदी मनू-२. पडदा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो, कोणता ठिपका कोणाचा हे सांगत नाही. त्यामुळे काही मनू-२ खरे असले तरी काही मुळात दोन स्ट्रेनचे मिश्रण असतात: एकाच रुग्णात दोन संसर्ग, किंवा प्रयोगशाळेत झालेली सरमिसळ. दुसऱ्या पद्धतीने पडताळणी न करता मनू-२ची नोंद करू नये.

ही पडताळणी मायरू-व्हीएनटीआर चांगली करते. यात जिनोमवरच्या ठरलेल्या २४ जागांवर लहान तुकडे किती वेळा ओळीने आले आहेत ते मोजतात. प्रत्येक जागेचा पीसीआर करायचा, उत्पादनाची लांबी मोजायची, दोन्ही बाजूंचा कायमचा भाग वजा करायचा आणि उरलेल्याला तुकड्याच्या लांबीने भागायचे. निकाल म्हणजे २४ आकड्यांची माळ. एखाद्या जागी दोन लांब्या दिसल्या तर रुग्णाच्या शरीरातच जंतू बदलला असू शकतो. दोन किंवा अधिक जागी दुहेरी आकडे आले तर मिश्र संसर्ग किंवा दूषण समजावे. कमी प्रतींच्या दक्षिण भारतीय जंतूंनाही ही पद्धत चांगले वेगळे करते, आणि तिला डीएनए थोडाच लागतो.

अडचण आकडा वाचताना येते. तुकडे साधारण पन्नास ते सव्वाशे अक्षरांचे असतात. चारशे अक्षरांच्या उत्पादनात ५० अक्षरांचा फरक दोन टक्क्यांच्या अॅगरोज जेलवर स्वच्छ दिसतो. उत्पादन अकराशे अक्षरांचे झाले की तोच फरक डोळ्याने निसटतो आणि नऊचे दहा होतात. तुकड्यांची लांबी आपोआप मोजणाऱ्या केशनलिका यंत्रावरही सुटका नाही. क्षयाच्या जंतूत जी आणि सी ही अक्षरे ६५ टक्क्यांहून अधिक असल्याने त्याचे तुकडे मापदंडाच्या तुकड्यांपेक्षा थोडे पुढे धावतात आणि खऱ्याहून आखूड मोजले जातात. प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या यंत्रावर, आपल्या पॉलिमरमध्ये एच३७आरव्हीच्या चोवीसही जागा मोजून फरकाचा तक्ता बनवायचा असतो. दुसऱ्याचा तक्ता चालत नाही. मायरू ४ या जागेत ७७ अक्षरांच्या तुकड्यांबरोबर ५३ अक्षरांचा एक तोकडा तुकडा असतो. तो विसरला की भागाकार पूर्णांकात बसत नाही आणि वाचणारा जवळचा आकडा लिहून मोकळा होतो. पीसीआरमध्ये विकर घसरल्याने यंत्राच्या आलेखात मुख्य शिखरामागे एका तुकड्याने कमी अशी छोटी शिखरेही येतात. ती दुसरा स्ट्रेन नव्हेत.

हे दोष किती महाग पडतात ते २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक चाचणीत दिसले. ३० देशांतल्या ३७ प्रयोगशाळांना तेच ३० डीएनए नमुने पाठवले होते आणि त्यांत १० नमुने गुपचूप दुहेरी ठेवले होते. स्वतःचाच निकाल पुन्हा तसाच येण्याचे सरासरी प्रमाण निघाले ७२ टक्के, आणि प्रयोगशाळांचे आपसांत जुळण्याचे ६० टक्के. तयार किट वापरणाऱ्यांचे ८८ टक्के, यंत्रावर घरगुती पद्धत चालवणाऱ्यांचे ७०, आणि साध्या जेलवर मोजणाऱ्यांचे ५०. पद्धत कागदावर उत्तमच होती, पण जेलवर मोजलेले २४ आकडे दुसऱ्या शहरातल्या आकड्यांशी ताडणे म्हणजे नाणेफेक झाली होती. आपल्याकडच्या अनेक शोधनिबंधांत मायरूचे आकडे साध्या जेलवरचे आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

बीजिंगपुढे २४ जागाही अपुऱ्या पडतात. म्हणून १९८२, ३२३२, ३८२० आणि ४१२० या झपाट्याने बदलणाऱ्या जागा जोडतात. ३२३२ ही जागा फार लांब असल्याने पीसीआर वारंवार फसतो. एखाद्या जागेचा निकाल न मिळणे आणि तिथे शून्य तुकडे असणे यांत फरक आहे. तक्त्यात दोन्हींसाठी एकच खूण वापरली की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

पद्धतींची तुलना करायला एक साधे माप आहे: हंटर आणि गॅस्टन यांनी १९८८ मध्ये सुचवलेला भेद-निर्देशांक. नमुन्यांतले कोणतेही दोन परके स्ट्रेन उचलले तर पद्धत त्यांना वेगळे ओळखण्याची शक्यता किती, हे तो सांगतो. समजा ५० स्ट्रेन आहेत. स्पॉलिगोटायपिंगने २० एकाच प्रकारचे आणि उरलेले ३० एकेकटे निघाले. २० गुणिले १९ म्हणजे ३८०, त्याला ५० गुणिले ४९ म्हणजे २४५० ने भागा आणि एकातून वजा करा: ०.८४५. मायरूने त्याच वीसांचे ८, ५, ३, २ आणि २ असे गट पाडले तर ८ गुणिले ७, ५ गुणिले ४ अशा गुणाकारांची बेरीज ८६ होते आणि निर्देशांक ०.९६५. साखळी शोधायची तर ०.९५ च्या खालची पद्धत एकटी वापरू नये. हा निर्देशांक पद्धतीचा कायमचा गुण नाही, तो त्या त्या ठिकाणच्या जंतूंवर अवलंबून असतो. हॉलंडमध्ये काढलेला आरएफएलपीचा निर्देशांक तमिळनाडूत लागू होत नाही, आणि मुंबईचा नंदुरबारला लागू होईलच असे नाही. म्हणून स्थानिक नमुन्यांवर काढलेला निर्देशांक अहवालात छापलेला हवा.

या सगळ्यांच्या पुढची पायरी म्हणजे संपूर्ण जिनोमचे वाचन. इथे मोजक्या जागा न पाहता जिनोमचा सुमारे नव्वद टक्के भाग वाचतात. उरलेला, मुख्यतः पीई-पीपीई जनुकांचा पुनरावृत्त भाग, छोट्या तुकड्यांच्या वाचनाने खात्रीने बसवता येत नाही म्हणून वगळतात. मग दोन रुग्णांच्या जंतूंत किती अक्षरे वेगळी आहेत ते मोजायचे. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या २०१३ च्या अभ्यासावरून मोजमाप रूढ झाले: पाच किंवा कमी अक्षरांचा फरक असेल तर नुकताच संसर्ग संभवतो, बारापेक्षा जास्त असेल तर जवळजवळ नाहीच. याच वाचनातून औषधरोधाचे बदलही मिळतात, मिश्र संसर्गही दिसतो आणि घराणेही कळते. तीन पद्धतींचे काम एका वाचनात होते. २०२२ साली मुंबई महानगर प्रदेशातल्या बहुऔषधरोधक क्षयावर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीजिंग घराणे ज्यात मोडते त्या ‘वंश २’ मधल्या काही प्रबळ शाखाच फ्लुरोक्विनोलोन या औषधगटाला न जुमानणारा क्षय पसरवत असल्याचे दिसले. स्पॉलिगोटायपिंगवर या शाखा एकमेकींपासून वेगळ्या काढताच आल्या नसत्या.

जिनोम वाचनालाही पथ्ये आहेत. वाचनाची खोली, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी किती वेळा वाचले ते, किमान तीस पट तरी हवी, पन्नास असेल तर बरे. जी-सी जास्त असल्याने काही भागांचे वाचन विरळ येते. त्या विरळ जागी ‘फरक नाही’ असे लिहिणे चूक, तिथे ‘माहीत नाही’ असेच लिहावे. एकाच फेरीतल्या नमुन्यांचे बारकोड (नमुना ओळखण्यासाठी डीएनएला जोडलेल्या खुणा) एकमेकांत मिसळू शकतात, म्हणून दर फेरीत डीएनए नसलेली एक नळी चालवावी. दोन प्रयोगशाळांचे गाळणीचे नियम, म्हणजे कोणता फरक खरा मानायचा याचे नियम, वेगळे असतील तर त्याच दोन जंतूंमधला फरक एकीकडे चार आणि दुसरीकडे अकरा अक्षरे निघू शकतो. पाच आणि बारा हे आकडे कमी रुग्णसंख्येच्या देशातले आहेत, हे सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे कल्चर बहुधा औषधरोधाच्या संशयितांचेच होते, खासगी दवाखान्यांतले असंख्य रुग्ण नमुन्यात येतच नाहीत. चार अक्षरांचा फरक असलेल्या दोघांच्या मध्ये न तपासलेले तीन रुग्ण असू शकतात. कोणी कोणाला दिला, हे तर आकडा सांगतच नाही. तेव्हा जिनोम जुळला म्हणून एखाद्या कुटुंबाकडे किंवा वस्तीकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल, आणि शास्त्रालाही धरून नाही.

रुग्णालयातल्या संसर्गाबद्दल थोडे सांगायला हवे. नवजात शिशू विभागात क्लेबसिएला हा जंतू पसरला की अनेक ठिकाणी एरिक-पीसीआर किंवा रॅपिड नावाची पद्धत वापरतात. दोन्ही स्वस्त आहेत. पण रॅपिडमध्ये दहा अक्षरांचा प्रायमर ३६ अंशांच्या आसपास सैलपणे बसवतात. मॅग्नेशियम, विकराची कंपनी किंवा यंत्र बदलले की पट्टे बदलतात. एकाच दिवशी, एकाच मिश्रणात, एकाच जेलवर चालवलेल्या नमुन्यांपुरताच तिचा उपयोग आहे. महिन्याभरापूर्वीच्या जेलशी तुलना करू नये. पल्स्ड-फील्ड जेल याहून कितीतरी भरवशाचे आहे. त्यात जंतू अॅगरोजच्या वडीतच फोडतात, म्हणजे लांब डीएनए तुटत नाही, आणि एक्सबीए-१ सारख्या क्वचित कापणाऱ्या विकराने मोठे तुकडे करतात. साल्मोनेलासाठी १४ अंशांवर, सेंटिमीटरला ६ व्होल्ट, १२० अंशांच्या कोनात, विद्युतप्रवाहाची दिशा बदलण्याचा काळ २.१६ पासून ६३.८ सेकंदांपर्यंत वाढवत १८-१९ तास चालवतात. वडी नीट धुतली नाही तर उरलेला प्रोटिनेज-के विकरालाच खातो. काही स्ट्रेनचा डीएनए दर वेळी विरघळून नुसता धूसर पट्टा दिसतो, त्यांच्यासाठी बफरमध्ये ५० मायक्रोमोलर थायोयुरिया घालतात.

१९९३ साली अमेरिकेत अर्धकच्च्या हॅम्बर्गरमधून पसरलेला ई. कोलाय ओ१५७ याच पद्धतीने रुग्णांपासून मांसापर्यंत शोधला गेला, आणि १९९६ मध्ये पल्सनेट हे प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले. तिथे हे जमले ते सर्व प्रयोगशाळांनी एकच कार्यपद्धती, एकच प्रमाण स्ट्रेन आणि एकच प्रशिक्षण पाळले म्हणून. त्याच पल्सनेटने २०१९ मध्ये हे जेल बाजूला ठेवून जिनोम वाचन स्वीकारले. क्लेबसिएलाबाबत एक पुरवणी जोडावी लागेल: कार्बापेनेम या प्रतिजैविकांना न जुमानण्याचे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर (मुख्य डीएनएपासून वेगळ्या छोट्या तुकड्यावर) असते आणि ते एका स्ट्रेनमधून दुसऱ्यात जाते. पट्टे वेगळे निघाले म्हणून विभागात प्रसार नाही, असे समजून हात झटकू नयेत.

ठसे-पद्धतींचा एक उपयोग साऱ्यांनाच अवघडवणारा आहे आणि म्हणून टाळला जातो. एका आठवड्यात एका प्रयोगशाळेत वाढलेले, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या रुग्णांचे स्ट्रेन हुबेहूब जुळले, तर पहिला संशय प्रयोगशाळेतल्या दूषणावर घ्यावा. बेडका शुद्ध करण्याच्या सोडियम हायड्रॉक्साइडची किंवा बफरची एकच बाटली सर्व नळ्यांत ओतली जाते, थेंब उडतो, आणि भरगच्च जंतूंच्या नमुन्यानंतरची नळी खोटी पॉझिटिव्ह येते. सूक्ष्मदर्शकाखाली निगेटिव्ह, कल्चर एकदाच आणि उशिरा पॉझिटिव्ह, आणि त्याच दिवशीच्या शेजारच्या नमुन्याशी जुळणारा स्ट्रेन, असे तिन्ही एकत्र आले तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. नाहीतर रुग्णाला नसलेल्या आजाराची विषारी औषधे महिनोन्महिने गिळावी लागतात.

आजार उलटला तर तो जुनाच उफाळला की नवा लागला, हेही यातूनच कळते. चेन्नईच्या २०१० मधल्या अभ्यासात एचआयव्ही असलेल्यांत ८८ टक्के वेळा नवा संसर्ग होता, तर नसलेल्यांत ९१ टक्के वेळा जुनाच जंतू परतला होता. पहिल्या गटासाठी वॉर्डातली हवा आणि गर्दी सुधारायला हवी, दुसऱ्यासाठी औषधोपचार. दोन्ही गट ‘पुन्हा क्षय’ या एकाच रकान्यात टाकले तर चुकीच्या जागी पैसा जातो. हा भेद करायचा तर पहिल्या वेळचा जंतू जपून ठेवलेला असला पाहिजे, आणि आज तो बहुतेक ठिकाणी नसतो.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि नेमक्या आहेत. बातमी देताना किंवा पत्रक काढताना पद्धतीचे नाव, किती रुग्णांपैकी किती जणांचे स्ट्रेन तपासले, आणि तो प्रकार त्या जिल्ह्यात एरवी किती आढळतो, या तीन गोष्टी लिहाव्यात. राज्यातल्या सर्व बहुऔषधरोधक क्षयरुग्णांच्या कल्चरचे जिनोम वाचन करावे, आणि त्याचे विश्लेषण एकाच गाळणीने व्हावे. स्पॉलिगोटायपिंग घराण्यांच्या नोंदीपुरते ठेवावे, त्यावरून उद्रेक जाहीर करू नये. आणि प्रत्येक पॉझिटिव्ह कल्चरची एक कुपी, पंधरा ते वीस टक्के ग्लिसरॉल असलेल्या ७एच९ या द्रव माध्यमात, उणे ७० अंशांवर किमान पाच वर्षे ठेवावी, तीही पहिल्याच वाढीतून. वारंवार उपकल्चर केल्यावर मिश्र संसर्गातला कमजोर स्ट्रेन नाहीसा होतो. कुपीवर रुग्णाचा निक्षय (सरकारी क्षयनोंदणीतला) क्रमांक, नमुन्याची तारीख आणि त्या दिवशीचा बॅच क्रमांक लिहिलेला असावा.

आपले,
क्षयरोग व सूक्ष्मजीव प्रयोगशाळांत काम करणारे काही वाचक,
मुंबई आणि पुणे